तोंडाला पदर बांधा म्हणे!

कोंबडीपालनाचं प्रशिक्षण असो, बचत गटाचा मेळावा असो, नाहीतर फुकट वाटलेली माहितीपुस्तिका असो, शेडच्या किंवा खुराड्याच्या साफसफाईचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : सफाई करताना नाकातोंडाला स्वच्छ कापड बांधावं. भाषण करणारे साहेब हे वाक्य बायकांकडे बघून म्हणतात, आणि कापड म्हणजे पदर, हे वेगळं सांगायची गरजही पडत नाही. पदर बाईजवळ असतोच. तो विकत आणावा लागत नाही, त्याची पावती लागत नाही, कुणाच्या हिशेबात तो धरावा लागत नाही. म्हणूनच तो सगळ्यांचा इतका लाडका आहे.

मला या वाक्याचा राग येतो. मी गेली बरीच वर्षं नाशिक जिल्ह्यात शेतमजूर बायांच्या संघटनेचं काम करते. द्राक्षाच्या छाटणीला जाणाऱ्या, कांदा लावणाऱ्या आणि मधल्या मोकळ्या दिवसांत पोल्ट्रीच्या शेडवर खत भरायला जाणाऱ्या बाया आमच्या सभासद आहेत. त्यांचा पदर नाकावर बांधलेला मी रोज बघते, आणि त्यांचा खोकलाही रोज ऐकते. पदराने काही थांबत असतं तर तो खोकला एव्हाना थांबला असता.

ज्या मैत्रिणींनी ब्रॉयलरचं शेड आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. जमिनीवर भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर अंथरतात. त्यावर एक दिवसाची पिल्लं सोडतात. साधारण चाळीस दिवसांत ती विकायच्या वजनाची होतात आणि गाडीत भरून जातात. या चाळीस दिवसांत त्या तुसात विष्ठा, सांडलेलं खाद्य, पिसांचा चुरा, कातडीचा कोंडा, किडे, बुरशी असं सगळं मिसळत जातं. तूस घट्ट बसू नये म्हणून ते दर दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने वरखाली करावं लागतं, वर चुना भुरभुरावा लागतो. हे दाताळं बहुतेक शेडवर घरच्या बाईच्या हातात असतं. बॅच गेली की मग आमच्या बायांची पाळी येते. सगळं खत फावड्याने खरवडायचं, घमेल्याने गोणीत भरायचं, तोंड शिवायचं, ट्रॅक्टरवर चढवायचं. मग जमीन खराट्याने लख्ख झाडायची, जाळ्या आणि पडदे झटकायचे, छताच्या पत्र्याखाली लोंबणारी धुळीची जळमटं काढायची. या खताला द्राक्षबागेत, उसात मागणी आहे, त्याला भाव आहे. गोणीलाही भाव आहे. काम उक्तं असतं, गोणीमागे पैसे.

गोणीमागे पैसे म्हटल्यावर बाई घाईच करणार. घाई केली की धूळ जास्त उडणार. आदल्या दिवशी पाणी शिंपडलं तर धूळ बसते, हे प्रत्येकीला कळतं. ते कळायला कुठल्या प्रशिक्षणाची गरज नाही. पण शिंपडायला गेलेल्या वेळाचे पैसे कोण देणार? आणि ओलं खत भरलं की गोणी जड होते, ती उचलायची पुन्हा तिनेच. म्हणून ती कोरडंच भरते. मग साहेब म्हणतात, बाया अडाणी आहेत, आरोग्याची काळजी घेत नाहीत.

आता ही धूळ म्हणजे नेमकं काय ते बघू. रस्त्यावरची माती आणि शेडमधली धूळ एक नव्हे. शेडमधल्या धुळीत वाळलेल्या विष्ठेचे आणि पिसांचे कण असतात, जिवंत आणि मेलेले जंतू असतात, बुरशीची बीजं असतात, जंतूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं. जी धूळ डोळ्यांना दिसते, उन्हाच्या तिरपेत नाचते, ती त्यातली कमी घातक. ती नाकात, घशात अडकते, शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडते. आपल्या केसाची जाडी पन्नास ते शंभर मायक्रॉनच्या आसपास असते. पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि तेच थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या फुग्यांपर्यंत जाऊन बसतात. सुती साडीच्या विणीतली भोकं या कणांपुढे म्हणजे वेशीचे दरवाजे. शिवाय पदर गालाशी, हनुवटीशी कधीच घट्ट बसत नाही, आणि हवा नेहमी मोकळी वाट शोधते. नेहमीचा निळा डॉक्टरी मास्कसुद्धा कडेने उघडाच असतो. तो मुळात समोरच्यावर आपली थुंकी उडू नये म्हणून केलेला आहे. पदराचा उपयोग एवढाच की धूळ दिसेनाशी होते, आणि आपण काहीतरी केलं असं बाईला वाटतं. सांगणाऱ्यालाही वाटतं. शिवाय तोच पदर संध्याकाळी घरी येतो, त्यालाच लेकराचं तोंड पुसलं जातं, हे वेगळंच.

शेडमध्ये काम केल्यावर चार ते आठ तासांनी, म्हणजे बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, अंग कसकसतं, थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला लागतो, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. दोन-तीन दिवसांत सगळं उतरतं. बाई म्हणते, दमणूक झाली. सासू म्हणते, दृष्ट लागली. गावातला डॉक्टर सलाइन लावतो. खूप धूळ एकदम छातीत गेली तर असा ताप कुणालाही येऊ शकतो. पण काहींच्या बाबतीत शरीर त्या पिसांच्या, विष्ठेच्या, बुरशीच्या कणांशी कायमचं वैर धरतं, आणि दर वेळी फुफ्फुसाला आतून सूज येते. कबुतरं, पोपट पाळणाऱ्यांना होतो म्हणून या रोगाचं एक इंग्रजी नाव पक्षी पाळणाऱ्यांच्या हौसेवरून पडलेलं आहे. हौसेवरून! खत भरणाऱ्या बाईला कसली आली आहे हौस? ही सूज वेळीच ओळखली आणि धूळ थांबली तर बहुधा ओसरते. वर्षानुवर्षं येत राहिली तर फुफ्फुसाला व्रण पडतात, ते राठ होतं, आणि मग विहिरीवरून दोन हंडे आणताना वाटेत बसावं लागतं. ते पुन्हा मऊ करणारं औषध नाही. ज्यांना आधीच दमा आहे त्यांचा दमा चढतो, ज्यांना नाही त्यांना तो जडू शकतो.

धुळीसोबत अमोनिया असतो. तूस ओलं झालं, पाण्याची भांडी गळली, की विष्ठा कुजते आणि डोळ्यांना झोंबणारा तो वास सुटतो. थंडीत पिल्लांना ऊब हवी म्हणून पडदे बंद ठेवतात, तेव्हा धूळ आणि वास दोन्ही सगळ्यात जास्त. नाकाला या वासाची सवय होते. “आता काही वाटत नाही” असं एखादी म्हणाली तर समजा की वास तितकाच आहे, नाकाने तक्रार करणं सोडलंय.

इथे एक गंमत सांगते. कोंबडीपालनाच्या पुस्तकांत शेडमधला अमोनिया किती असावा याचा आकडा दिलेला असतो. हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांच्या वर जाऊ देऊ नका, शक्यतो त्याच्याही पुष्कळ खाली ठेवा, कारण नाहीतर पक्ष्यांचे डोळे आणि श्वासनळी बिघडते आणि वजन घटतं. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेने माणसांसाठी आठ तासांच्या कामाला सांगितलेली मर्यादाही २५ भागांचीच आहे. पण शेडवर येणारा कंपनीचा सुपरवायझर वही काढतो ती कोंबडीसाठी. मर किती, खाद्य किती खाल्लं, वजन किती भरलं. कोंबडीचा श्वास बिघडला तर काट्यावर दिसतं. दाताळं धरणाऱ्या बाईचा श्वास बिघडला तर कुठल्या काट्यावर दिसणार?

आणि मास्क ही काही आपल्याकडे कुणी न पाहिलेली वस्तू नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा कोंबड्या मारायला गेलेल्या पथकांच्या अंगावर पांढरे पोशाख, डोळ्यांवर चष्मे आणि तोंडावर मास्क होते. सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो आले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात पुन्हा तेच चित्र दिसलं. ते बरोबरच होतं, तसंच असायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी, २०२० मध्ये, बाजारात मास्क नसला तर पोलीस दंडाची पावती फाडत होते. म्हणजे शहराला, बाजाराला धोका वाटला की मास्क रातोरात गावात पोहोचतो. त्याच शेडमध्ये, त्याच खतात, एरवी वर्षाचे बारा महिने काम करणाऱ्या बाईला मात्र पदर!

(आणि शेडमध्ये किंवा परसात कोंबड्या अचानक मरायला लागल्या तर साफसफाई अजिबात करायची नाही. हात लावायचा नाही, आधी जनावरांच्या दवाखान्याला कळवायचं. “उद्या साहेब येणार, झाडून घे” असं कुणी सांगितलं तरी नाही.)

मग काय वापरायचं? एन-९५ किंवा एफएफपी-२ असं लिहिलेला मास्क. आपल्याकडे त्याचं भारतीय मानक आयएस ९४७३ हे आहे. तो आकडा आणि शिक्का बघून घ्यावा, कारण नुसतं एन-९५ छापलेली फडकीही बाजारात फार आहेत. हा मास्क नुसता चाळणीसारखा काम करत नाही. त्याच्या आतल्या थराला विजेचा भार दिलेला असतो, त्याला बारीक कण चिकटतात. म्हणून तो धुवायचा नाही. आमच्या बाया पहिल्या दिवशी तो साबणाने धुऊन दोरीवर वाळत घालतात, कारण मळलेली वस्तू धुवायची हेच आपल्याला शिकवलेलं. धुतला की भार जातो, मग तो आणि पदर सारखाच. श्वास घ्यायला जड जायला लागला, आतून मळला, घामाने भिजला, पट्टा सैल झाला, की टाकायचा. खत भरायच्या कामाला दिवसाला एक तरी नवा धरावा.

दोन पट्टे डोक्यामागे जाणारा मास्क घ्यावा. कानाला अडकवायचा बहुधा सैल बसतो. वरचा पट्टा टाळूच्या मागे, खालचा कानांखालून मानेवर. अंबाडा असेल तर दोन्ही पट्ट्यांच्या मधे येऊ द्यावा. पदर किंवा रुमाल बांधायचाच तर मास्क लावून झाल्यावर वरून, गाल आणि मास्क यांच्या मधे एक धागाही नको. नाकावरची पत्र्याची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची. मग जोरात फुंकायचं. डोळ्यांकडे किंवा गालाकडे वारा लागला तर मास्क बसलेला नाही. जेवायच्या सुटीत तो शेडमधल्या खिळ्याला अडकवायचा नाही, कागदाच्या पिशवीत ठेवायचा.

आणि तो सगळ्याच चेहऱ्यांवर बसतो असंही नाही. याला कारण आहे. मास्क कुठल्या मापाच्या चेहऱ्यावर तपासायचे याचे जे नमुने अमेरिकेत १९७० च्या दशकात ठरले आणि पुढे जगभर चालले, ते तिथल्या हवाई दलातल्या माणसांच्या चेहऱ्यांच्या मोजमापावर आधारलेले होते. पुढे २००३ मध्ये तिथल्याच कामगार आरोग्य संस्थेने नव्याने चेहरे मोजले, तेव्हा जुनं माप आजच्या कामगारांना लागू पडत नाही हे मान्य झालं. वैमानिकाच्या जबड्याच्या मापाची वस्तू आपल्याकडच्या वाळलेल्या, गाल बसलेल्या बाईच्या तोंडावर कशी बसावी? म्हणून मास्क मागताना लहान मापाचाही मागायचा. दुकानदार म्हणतो, सगळे एकच असतात. नसतात.

मात्र एन-९५ अमोनिया अडवत नाही. डोळे चुरचुरायला लागले तर मास्कच्या भरवशावर आत थांबू नये. पडदे वर करून बाहेर यावं. शेड निर्जंतुक करायला फॉर्मेलिनचा धूर करतात, तोही हा मास्क अडवत नाही. फॉर्मेलिनमधला फॉर्माल्डिहाइड कर्करोग करणारा आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने केव्हाच जाहीर केलं आहे. धूर केलेल्या शेडमध्ये हवा पूर्ण खेळून वास जाईपर्यंत कुणालाही पाठवू नये.

मास्कच्याही आधी धूळच कमी उडवायची. पक्षी गेल्यावर पडदे वर करून शेड रात्रभर मोकळं ठेवावं. आदल्या संध्याकाळी झारीने किंवा पंपाने पाण्याचा बारीक फवारा मारावा. चिखल नको, तूस नुसतं दमट झालं पाहिजे. पंप द्राक्षावर औषध मारायचा असेल तर तो बिलकूल वापरायचा नाही. पुन्हा पुन्हा खराट्याने झाडण्यापेक्षा फावड्याने खरवडावं, शेवटचं झाडताना आधी शिंपडावं. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभं राहून भरावं. लेकरांना गोणींच्या ढिगावर खेळू देऊ नये. कामाची साडी किंवा वरून घालायचा शर्ट शेडवरच बदलावा आणि वेगळा धुवावा. परसातल्या खुराड्यालाही हेच लागू. तिथे पक्षी दहा-बारा असतात, पण बाई अर्धी आत शिरून, डोकं खाली घालून झाडते, आणि धूळ सगळी तोंडावर येते. आधी पाण्याचा हबका, मग खुरपं, आणि खुराडं घरातच असेल तर ते झोपायच्या खोलीतून हलवणं, एवढं तरी हवंच.

आता जे आक्षेप घेतले जातात त्यांच्याकडे वळते.

आमच्या आज्या आयुष्यभर खुराडी झाडत होत्या, त्यांना काय झालं, असं पुरुष विचारतात. त्यांना काय झालं हे कुणी विचारलं होतं का? आजीला दमा होता, आजी रात्रभर बसून असायची, हे त्याच घरातल्या बाया सांगतात. आणि आजीच्या दहा कोंबड्या अंगणात उकिरडा उकरत होत्या, पाच हजार कोंबड्या एका पत्र्याखाली नव्हत्या.

दुसरा आक्षेप असा की बायाच मास्क लावत नाहीत, त्यांना गुदमरतं. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मास्क लावून गोण्या उचला, मग बोला. गुदमरतंच. त्यावर उपाय मास्क काढणं हा नाही. काम पहाटे सुरू करणं, तासाभराने बाहेर येऊन दम खाणं, प्यायला पाणी ठेवणं, आणि या सगळ्या वेळाचा रोज देणं, हा आहे. उक्त्या कामात बाई श्वास घ्यायला थांबली की तिचे पैसे बुडतात. प्रश्न तिथे आहे.

तिसरा आक्षेप जरा खरा आहे. शेडवाला शेतकरी म्हणतो, मी कुठून देऊ? करारावर कोंबड्या पाळणाऱ्याला पिल्लं, खाद्य, औषध कंपनी देते. शेड, वीज, पाणी, मजुरी त्याची. आणि हातात किलोमागे ठरलेले पैसे. बॅच बिघडली की तोच बुडतो. मला हे माहीत आहे. पण म्हणूनच मागणी त्याच्यापाशी थांबायला नको. जी कंपनी पिल्लाच्या लसीचा हिशेब ठेवते तिने प्रत्येक बॅचबरोबर मास्कची पेटी पाठवावी, आणि ती शेतकऱ्याच्या खात्यात नावे टाकू नये. एका विकलेल्या कोंबडीच्या पैशात तीन-चार मास्क येतात. हजारो कोंबड्यांच्या बॅचमधून दहा-बारा कोंबड्यांची किंमत बाजूला काढणं ही काही क्रांती नव्हे.

चौथा आक्षेप आपल्याच माणसांकडून आला, तो मला जास्त लागला. एका बैठकीत एक जुने कार्यकर्ते म्हणाले, मास्कबिस्क हा तांत्रिक प्रश्न आहे, एनजीओंना वाटू द्या. आपण मजुरीचं बोलावं. मजुरीचंच तर बोलते आहे मी! बाई दिवसभराच्या कामात हात, कंबर आणि फुफ्फुस तिन्ही विकते. पैसे हाताचे मिळतात. आणि दुसऱ्या टोकाला, नुसता मास्क वाटून फोटो काढणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे की मास्क ही शेवटची पायरी आहे. पाणी, वारा, वेळ आणि दर यांचं न बोलता मास्क हातात दिला तर दुखणं पुन्हा बाईच्याच माथी येतं : दिला होता की मास्क, तूच लावला नाहीस.

या सगळ्याच्या मुळाशी एक कागद आहे, दवाखान्याचा केसपेपर. आमच्या एका सभासद मावशींना दर दीड-दोन महिन्यांनी ताप आणि खोकला यायचा. क्षयाची थुंकी दोनदा तपासली, काही निघालं नाही. मग डॉक्टर म्हणाले, चुलीचा धूर. गॅस आला, खोकला गेला नाही. मग म्हणाले, अॅलर्जी. मी त्यांचे सगळे केसपेपर एकदा जमिनीवर मांडून पाहिले. प्रत्येकावर व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द : घरकाम. मावशी वीस वर्षं कोंबडखत भरतात हे एकाही कागदावर नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, धान्य चाळणाऱ्यांच्या धापेची नोंद केली, आणि आपल्या व्यवसायबंधूंना बजावलं की रोग्याला आणखी एक प्रश्न विचारत जा, तू काम काय करतोस. तीनशे वर्षं उलटून गेली. तो प्रश्न अजून आमच्या तालुक्यातल्या बाईपर्यंत पोहोचायचा आहे. जिला धंदाच नाही तिला धंद्याचा रोग होणार कसा?

कायदा याबाबतीत आपल्या समजुतीपेक्षा पुढे आहे आणि मागेही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती, आणि तीत जैविक धूळ छातीत गेल्याने फुफ्फुसाच्या फुग्यांना येणारी अॅलर्जीची सूज स्पष्ट लिहिलेली होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती यादी आहे. म्हणजे आपल्या रोगाला कायद्यात नाव आहे! पण भरपाई मागायला नोकरी सिद्ध करावी लागते, मालक दाखवावा लागतो, आणि उक्त्याने चार शेडवर चार दिवस जाणाऱ्या बाईकडे हजेरीचा चिटोराही नसतो. कारखान्याचे सुरक्षा नियम लागू व्हायला पूर्वी वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार लागत, २०२० च्या संहितेने ते वीस केले. चार बायांनी झाडायचं शेड यात कुठे बसणार? पण नाव लावून घेता येतं, हेही दिसलं आहे. राजस्थानात दगडखाणींतल्या कामगारांच्या आणि त्यांच्या संघटनांच्या वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर २०१९ मध्ये राज्य सरकारला सिलिकोसिससारख्या धुळीच्या रोगांसाठी धोरण आणावं लागलं. तिथेही सुरुवातीला सगळ्यांना क्षयच म्हणत होते.

म्हणून आम्ही कॅलेंडरपासून सुरुवात केली. फुकट मिळणारं, भिंतीवरचं कॅलेंडर. ज्या दिवशी खत भरायला गेलो त्या तारखेवर कोंबडीची खूण, ज्या दिवशी ताप किंवा खोकला आला त्यावर लाल ठिपका. लिहितावाचता यायची गरज नाही. चार महिन्यांत मावशींच्या कॅलेंडरवर कोंबडी आणि ठिपका जोडीजोडीने दिसायला लागले, कुठे त्याच दिवशी, कुठे दुसऱ्या दिवशी. ते कॅलेंडर घेऊन आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं, छातीचा फोटो काढला, नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजली, आणि पहिल्यांदाच केसपेपरवर लिहिलं : कोंबडखताचं काम, वीस वर्षं. मावशी म्हणाल्या, “एवढं लिहायला वीस वर्षं लागली व्हय?” आता त्या खत भरायला जात नाहीत. जिने पुरकं खावं तिने घरी बसून काय खावं, याचं उत्तर त्या केसपेपरवर नव्हतं.

तुमच्या भागात पोल्ट्री असेल तर हे कॅलेंडर लावून बघा, आणि किती ठिपके कोंबडीशेजारी पडले ते आम्हाला पत्राने कळवा. चार तालुक्यांची कॅलेंडरं एकत्र मांडली तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात ती नाकारणं कठीण जाईल. दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येकीला सांगा की नाव, वय, गाव सांगतानाच काम सांगायचं, आणि ते लिहिलं का ते कुणाकडून तरी वाचून घ्यायचं.

आमच्याकडे तीन गावांत शेडवाल्यांशी बोलून दर ठरला आहे. आदल्या संध्याकाळी पाणी मारायचा अर्धा रोज वेगळा. गोणीचा दर वाढवून, पण दिवसाला गोण्यांची मर्यादा घालून. प्रत्येकीला रोज एक मास्क, लहान मापाचेही. दोन शेडवाल्यांनी तो पाळला, एकाने पहिल्याच बॅचला निळे मास्क आणून ठेवले, ते बायांनी परत केले आणि दुपारपर्यंत गोणीला हात लावला नाही. कंपनीच्या माणसाशी बोलणं व्हायचं आहे. तो म्हणतो, वरून विचारतो.

यात एक जण मात्र कुठेच बसत नाही, ती म्हणजे शेडवाल्याची बायको. आमच्या बाया बॅच गेल्यावर चार दिवस धूळ खातात, ती चाळीस दिवस खाते. तूस हलवणं, मेलेली पिल्लं उचलणं, भांडी घासणं, रात्री दोनदा उठून बघणं, सगळं तिचं. करार नवऱ्याच्या नावावर, सातबारा सासऱ्याच्या नावावर. तिला रोज नाही, म्हणून तिला आमच्या दराच्या बोलण्यात बसता येत नाही, आणि मालकीण म्हणून आमच्या सभेला येताही येत नाही. पुढची बॅच संक्रांतीच्या सुमारास निघेल. त्या वेळी किती मास्क लागतील याची यादी शेडवाल्याला द्यायची होती. आम्ही नऊ जणी आहोत. यादीत दहा लिहिले आहेत, आणि दहावा चाळीस दिवसांचा धरून.